देवकाबाईच्या पायावरची पाहुणी

वाकतळ्यात पायाच्या धावऱ्याला कोणी धावरं म्हणत नसे. नाव घेतलं की ते धावत येतं, अशी समजूत. 'पायाले पाहुणी आली' असं म्हणायचं, तेही हळू आवाजात, आणि म्हणताना आजाऱ्याच्या पायाकडे बघायचं नाही. मी सरकारी दवाखान्यातला ड्रेसर, मला असल्या गोष्टींचा भारी तिटकारा. मी अंगणात उभा राहून मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "धावरं झालंय, धावरं!" बाया पदर तोंडाला लावून चार पावलं मागे सरायच्या. मला त्यात मोठी मर्दुमकी वाटायची.

साल छप्पन्न. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, गडचिरोली त्यातच. आमचा दवाखाना बाजारगावात, आणि वाकतळा तिथून सायकलने तासाभराच्या वाटेवर, निम्मी वाट जंगलातून. गाव धीवरांचं. मोठा तलाव, त्यात मासे, तलावाच्या पाळेखाली धानाच्या बांध्या, आणि कडेला पाच-सात घरं गोंडांची. सगळ्यांचे पाय वर्षातले सहा महिने चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना भेगा, कुठे शिंगी माशाचा काटा लागलेला. त्या फटीतून ते आत शिरायचं. संध्याकाळी हुडहुडी भरायची आणि सकाळी घोट्यापाशी तळहाताएवढी कातडी लाल, चकचकीत, गरम. मग ती लाली वर चढायला लागायची.

ती किती चढते हे बघण्याचं काम तीस वर्षं देवकाबाईकडे होतं.

देवकाबाई गावची सुईण, आणि रेघवालीही. काटकुळी बाई, गालात तंबाखूची गोळी, जिभेला हाड नाही. आजाऱ्याच्या घरी गेली की आधी त्याचा पाय धानाच्या पोत्यावर उंच ठेवायची. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेल्या पाण्याने पाय धुवायची, जुन्या लुगड्याच्या चिंधीने बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची. मग पालथा हात कातडीवरून फिरवायची, गरम कुठे संपतं ते शोधत. तिथे ती काजळीची रेघ काढायची, पायाभोवती पुरी फिरवून. दिव्याची काजळी आणि मोहाच्या बियांचं तेल एका पितळी वाटीत खललेलं असायचं. रेघ काढताना ती पाहुणीशी बोलायची, दारात आलेल्या बाईशी बोलावं तसं. "बस, बाई, बस. आली तर आली. पन याच्या वर नको येऊ."

रोज सकाळी रेघ बघायची. लाली रेघेच्या आत असली तर आजारी घरात राहील. लालीने रेघ ओलांडली तर त्याला तलावाच्या पाळेवर बांधलेल्या खोपडीत हलवायचं. आणि घरात गरोदर बाई असली तर त्याच घटकेला हलवायचं, जेवत असेल तर ताटावरून उठवून.

मी पहिल्यांदा रेघ बघितली तेव्हा खदखदून हसलो. महिनाभरात हसू जिरलं. रेघ बघून कळायचं की आजार कालच्यापेक्षा वाढला की उतरला. आमच्या डॉक्टरांनाही ते पटलं, आणि दवाखान्यात मी जांभळ्या औषधाची रेघ काढू लागलो. देवकाबाईला अर्थातच सांगितलं नाही. तिला चार दिवसांत कळलं. भर बाजारात म्हणाली, "माही रेघ जांभळी केली म्हन्ते, गुणवंतभाऊ? धुतल्यावर जाते का, की तुमच्यासारखी चिकटूनच राह्यते?" मासे विकणाऱ्या बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पण खोपडीचा नियम मात्र मी कधी मानला नाही. ते मला शुद्ध अडाणीपण वाटायचं.

भाद्रपदात एका सोमवारी तिचा मुलगा मुखरू दवाखान्यात आला. चिखलाने भरलेले पाय पायरीखालीच ठेवून उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "मायच्या पायाले पाहुणी आली."

डॉक्टर पटकीच्या साथीसाठी अहेरीकडे गेलेले होते. जाताना मला बजावून गेले होते, धावऱ्याच्या आजाऱ्याला रोज एक पेनिसिलीन दे. दोन इंजेक्शनांनंतरही लाली रेघेबाहेर गेली तर वाट बघू नकोस, चांद्याला पाठव. नाही गेली तर तिथेच देत राहा. मी कुप्या, पिचकारी आणि स्पिरिटचा दिवा पिशवीत घातला आणि मुखरूच्या मागे सायकल काढली.

घर दोन खणांचं. बाहेरच्या खणात देवकाबाई खाटेवर पडलेली, डावा पाय पोत्यावर. आतल्या खणाच्या दारात तिची सून गिरजा उभी होती, दिवस भरत आलेले. गिरजाची पहिली दोन मुलं जगली नव्हती. दुसऱ्या वेळी मूल पायाळू आलं होतं, आणि गिरजा जगली ती केवळ देवकाबाईच्या हाताने, असं सारं गाव सांगायचं. गिरजा सासूच्या पदराला धरूनच वावरायची. सासूवर इतका जीव असलेली सून मी दुसरी पाहिली नाही.

देवकाबाईच्या दोन्ही डोळ्यांत अलीकडे पडदा आला होता. तिला उजेड कळे, आकार कळत. बारीक रेघ दिसणं शक्य नव्हतं. आणि स्वतःची रेघ स्वतः काढायची नाही, असा तिचाच दंडक. म्हणून तिने गिरजाचा हात धरून, गिरजाच्या बोटाने रेघ काढून घेतली होती. घोट्याच्या वर चार बोटं. देवकाबाईच्या नडगीवर एक विंचू गोंदलेला होता, नांगी वर केलेला. रेघ त्या विंचवाच्या चांगली खाली होती.

मी इंजेक्शन दिलं. म्हटलं, "आठ दिवसांत तलावात उतरशील, बाई."

"ते पाहू. रेघ ओलांडली तर मी खोपडीत जाईन."

"काही जायची गरज नाही. तुझ्या पायातली लाली उडून सुनेच्या पोटात जाणार आहे का?"

तिने गालातली तंबाखू थुंकली आणि मग सांगितलं. तिच्या सासूच्या पायाला पाहुणी होती. रेघ ओलांडलेली होती, पण खोपडीत कोणी हलवलं नाही, कारण जावेचं बाळंतपण करायला दुसरं कोणी नव्हतं. सासूने केलं. जाऊ तिसऱ्या दिवशी गेली, अंग तव्यासारखं तापून. "पाहुणी पायातून हातात आली, हातातून तिच्यात गेली. म्या डोळ्यानं पाह्यलं, भाऊ. तवा मले डोळे होते."

मी हसलो. गिरजाकडे वळून, तिला धीर यावा म्हणून, मोठ्याने म्हणालो, "काही होत नाही. सगळं मनाचं असतं." गिरजाने माझ्याकडे असं बघितलं, जणू बुडत्याला मी हात दिला. मला फार बरं वाटलं.

मंगळवारी गेलो. लाली रेघेला येऊन टेकलेली, पण बाहेर नाही. बुधवारी गेलो. लाली रेघेला टेकलेली, बाहेर नाही. मी खूश. औषध लागू पडतंय. दोन इंजेक्शनं झाली, रेघ ओलांडलेली नाही, चांद्याचा प्रश्न मिटला.

पण देवकाबाई सुधारत नव्हती. ताप जळत होता. दात वाजेपर्यंत थंडी भरायची आणि मग ती घामाने भिजायची. घरात एक वास होता, ओल्या पितळेसारखा. घरातली मांजर उंबऱ्यापर्यंत यायची, खाटेकडे बघत बसायची आणि आत न येता निघून जायची. त्या दुपारी पाऊस थांबला होता, तलाव काठोकाठ पांढरा दिसत होता, आणि एवढ्या भाद्रपदात एक बेडूक ओरडत नव्हता. मी पिचकारी उकळत होतो तेव्हा देवकाबाई कुजबुजत होती. मला वाटलं माझ्याशी बोलते. ती पाहुणीशी बोलत होती.

"बस, बाई. खाली बस. घरात पोटुशी हाय."

मग ती गप्प झाली, ऐकल्यासारखी. आणि मला म्हणाली, "गुणवंतभाऊ, रेघ कुठी हाय?"

"होती तिथेच."

"गिरजी?"

"तिथीच हाय, आत्याबाई," गिरजा दारातून म्हणाली.

देवकाबाईने पालथा हात पायाकडे नेला. पण तिचा हातच इतका तापलेला होता की त्याला पाय गार की गरम काही कळेना. तिने हात परत छातीवर ठेवला. "तुमी सारे म्हन्ता तिथीच हाय. मंग ही माह्या गुडघ्यापाशी कोन बसून हाय? मले तिचं वजन लागून राह्यलं."

माझ्या मानेवर काटा आला, हे आता सांगायला लाज नाही. तेव्हा मी म्हणालो, "तापाने बडबडतेय," आणि पिशवी आवरली.

इतक्या वर्षांच्या धंद्यात मला माहीत होतं की लाली एक तर वर चढते, नाही तर उतरते. रेघेला टेकून तीन दिवस कधी उभी राहत नाही. हे कळायला शहाणपण लागत नाही. पण मी रेघ बघत होतो, पाय बघतच नव्हतो.

गुरुवारी सकाळी वाकतळ्यात शिरलो तर कुंपणाशी सुकरी उभी. शेजारची गोंडीण, मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करणारी, धाडसी बाई. एकदा तिने अस्वलाला काठीने हाकललं होतं. ती अंगणात पाय टाकायला तयार नव्हती.

"आत काऊन नाई येत?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या बाईच्या पायावरची रेघ चालून राह्यली."

"काय?"

"सोमवारी मी चारोळी द्याले आली, तवा रेघ खाली होती. काल दारातून पाह्यलं, तं वर. रेघच चढून राह्यली, भाऊ. पाहुणी रेघेले पाठीवर घेऊन चढते."

मी तिला झिडकारलं. आत गेलो, खाटेपाशी बसलो आणि देवकाबाईच्या पायावरचं लुगडं सरकवलं.

रेघ होती. लाली रेघेला टेकलेली होती, रोजच्यासारखी. आणि विंचू रेघेच्या आत होता.

सोमवारी तो करंगळीएवढा होता. आता माझ्या अंगठ्याहून मोठा. कातडी सुजून ताणली गेली तशी नांगी लांब झाली होती, पाय फाकले होते, आणि ठोके पडत होते त्या लाल कातडीवर तो हलल्यासारखा दिसत होता. रेघ त्याच्याही वर, गुडघ्याखाली दोन बोटांवर. क्षणभर, अगदी क्षणभर, सुकरीचं म्हणणं मला खरं वाटलं.

मग मी मान वर केली. गिरजा दारात उभी होती. तिच्या उजव्या हाताची तर्जनी नखापर्यंत काळी होती.

"गिरजा," मी म्हणालो, "हे तू केलंस?"

ती रडली नाही. भिंतीला टेकली. "सकाळी तुमी यायच्या आधी पुसत होती. राखेनं. मंग वर काढत होती, लाल असे तिथी. आत्याबाई खोपडीत गेली तं माहं कोन करन? मी मरन, भाऊ. मागच्या खेपेले मेलीच होती." मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "आन् तुमीच म्हटलं, काई होत नाई."

खाटेवरची बाई ऐकत होती. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडेल. तिच्या शिव्या दोन तलावांपलीकडे ऐकू जायच्या. ती फक्त म्हणाली, "हात धू. कोपरापर्यंत. साबनानं. माह्या खाटेले तू हात लावला का?" आणि मग एकदम ओरडली, "मुखरू! मले उचल इथून!"

मुखरू आणि सुकरीचा नवरा झिंगू, दोघांनी खाट उचलली. पाळेवरची खोपडी पन्नास-साठ पावलांवर, पळसाच्या फांद्यांच्या भिंती, वर गवत. मी मागे धावत म्हणालो, खोपडी राहू दे, बैल जुंपा, आत्ताच्या आत्ता गोंडपिपरी गाठू, तिथून मोटारीने चांदा. अजून वेळ गेलेली नाही. झिंगू बैल आणायला निघाला आणि तेवढ्यात घरातून गिरजाचं कण्हणं आलं.

देवकाबाईने ते एकदाच ऐकलं. "वेना हायेत," ती म्हणाली. "मी कुठी जात नाई."

"बाई, पाय जाईल तुझा. जीव जाईल."

"दुसरी सुईण नाल्यापल्याड. नाला भरला हाय. मी हात लावत नाई तिले. पन मले तोंड हाय ना?"

मी तिला इंजेक्शन दिलं. मग माझा कार्बोलिक साबण सुकरीच्या हातात दिला आणि तिच्याकडून हात घासून घेतले, तीन वेळा, उकळलेल्या पाण्यात. सुकरीने मुलं जन्माला येताना पाहिली होती, पण स्वतः काही केलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत मी पुरुष जाऊ शकत नव्हतो. तेव्हा असं ठरलं की सुकरी आत, देवकाबाई खोपडीत, आणि मी मध्ये अंगणाच्या कडेला. सुकरी सांगेल ते मी खोपडीकडे ओरडायचं, देवकाबाई सांगेल ते घराकडे.

तासाभरात पुन्हा भुरभुर सुरू झाली आणि तलावावरून धुकं सरकत आलं. खोपडी दिसेनाशी झाली. देवकाबाईचा आवाज यायचा, पण तो खोपडीतून येतो असं वाटेना. पाण्यावरून फिरून यायचा. कधी डावीकडून, कधी माझ्या मागून, आणि पहिल्यापेक्षा जाड. मीसुद्धा दोनदा मागे वळून बघितलं.

आतून सुकरी ओरडली, "भाऊ, पाय आले! आधी पाय आले!"

मी ते पुढे दिलं. उत्तर आलं, "ओढू नको म्हना! हात नको लावू!"

सुकरी दाराशी आली, हात वर धरलेले, चेहरा उतरलेला. "हा आवाज कोनाचा हाय, भाऊ?"

"देवकाबाईचा."

"नाई. तिचा असा नाई. ती चढत चढत गळ्यापर्यंत गेली असन तं? पाहुणी बोलत असन तं? लेकरू अडकलं हाय आन् आवाज म्हन्ते हात नको लावू. मी नाई ऐकत."

एकेक क्षण मोलाचा, आणि मी या बाईला काय सांगू? मीच धड खात्रीने सांगू शकत नव्हतो. सुकरीच म्हणाली, "विचारा तिले, माह्या मंगलीची नाळ कुठी पुरली?"

मी विचारलं. धुक्यातून उत्तर आलं, चिडलेलं. "तिच्या चुलीमागं! नवऱ्याले सांगतलं मोहाखाली, कारन त्याच्या मायनं चूल खनू देली नसती!"

मला ते घराकडे पोहोचवायचं होतं, आणि झिंगू बैलांची दावी धरून माझ्या शेजारीच उभा होता. मी ओरडलो. झिंगूने माझ्याकडे बघितलं, मग घराकडे बघितलं. दरवर्षी तो त्या मोहाला नारळ फोडायचा. दुसऱ्या वेळी असतं तर मी पोट धरून हसलो असतो. आतून सुकरी म्हणाली, "तीच हाय," आणि परत गेली.

"लटकू दे त्याले," आवाज सांगत होता. "आपल्या वजनानं येते. मानेवरचे केस दिसले का?" मी विचारलं. नाही. "थांबा मंग." थांबलो. गिरजाची किंकाळी आली, आणि मी कान झाकायचे विसरलो कारण मला ऐकायचं होतं. "आता दिसले का?" दिसले. "मंग घोटे धरून वर उचल, मायच्या पोटाकडं. हळू. हळू, सुकरे."

मूल रडलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत. मी, ड्रेसर गुणवंतराव, चिखलात गुडघ्यांवर बसून रडलो.

"पोट्टी हाय!" सुकरी ओरडली. मी तेही पुढे दिलं. खोपडीतून काही आलं नाही. मी धावत गेलो. देवकाबाई डोळे मिटून पडली होती, ओठ हलत होते. लाली गुडघा ओलांडून मांडीवर गेली होती. म्हणाली, "गाडी घरासमोरून नका नेऊ. पाळेवरून न्या." पाळेची वाट लांबची होती. पण ती ऐकेना. तोंडावर पदर घेतला आणि नातीकडे न बघता गेली.

चांद्याच्या दवाखान्यात शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि माझ्यावर भडकले. चार दिवस काय करत होतात? रेघ काढली होती ना? मी तोंड उघडलं, तेवढ्यात देवकाबाई बोलली. मुखरू शेजारी उभा होता, त्यालाही ऐकू जाईल असं.

"मीच पुसत होती रेघ. नात पाह्याची हाव सुटली. यायले फसवलं."

मुखरू आईकडे बघतच राहिला. तो सोमवारपासून दिवसभर बांधीत राबत होता, आणि गिरजा माझ्याशी बोलली तेव्हा तो गोठ्यात होता. त्याने आईचं म्हणणं खरं धरलं. रात्रपाळीची नर्स येण्याआधी, तो पाणी आणायला गेला तेव्हा, तिने माझा हात धरला. "गिरजीचं नाव कोनासमोर काढाल तं तुमाले या हाताची आन हाय. आयुष्यभर गाव तिले खाईन. माहं काय, मी चालली." मी शपथ घेतली. सहाव्या दिवशी ती गेली. त्या डॉक्टरांनी मला नंतर बसवून समजावलं की पायाच्या धावऱ्याचा जंतू बाळंतिणीच्या तापातही सापडतो, आणि ती बाई हाताने बाळंतपण करती तर सून वाचली नसती. मी मान खाली घालून ऐकलं.

गिरजाला ताप आला नाही. चांद्याहून परतल्यावर मी दहा दिवस रोज जाऊन थर्मामीटर लावला.

तेरवीला सारा गाव जमला. जेवणं झाली, पण देवकाबाईचं नाव कोणी घेत नव्हतं. मुखरूने आईचं म्हणणं भोळेपणाने सांगून टाकलं होतं. गावातले वडीलधारे दादाजी उठून म्हणाले, "तीस वर्सं आपन तिच्या रेघेवर भरोसा ठेवला. किती जनाले तिनं ताटावरून उठवलं. आन् सोतावर आली तवा रेघ पुसली, पाहुणीले बाळंतिणीच्या घरात ठेवली. ती वाटी या गावात नको." कोणीतरी काजळीची पितळी वाटी आणायला उठलं.

तेव्हा गिरजा बाहेर आली. बाळंतीण, सव्वा महिन्याआधी माणसांत यायला नको, तरी आली, मुलीला छातीशी धरून. "थांबा," ती म्हणाली. "तिनं नाई पुसली. मी पुसत होती. ती आंधळी होती, ती मले विचारे आन् मी खोटं सांगे. वाटी नका फेकू. मले काय करायचं ते करा."

मग सगळे माझ्याकडे वळले, कारण रोज येणारा मी. दादाजी म्हणाले, "गुणवंतभाऊ, खरं काय?"

त्या क्षणी मला शपथ आठवली, हे खरं. पण दुसरंही आठवलं. गिरजाचं म्हणणं खरं धरलं तर पुढचा प्रश्न येणार होता, की तुला हे कोणी सुचवलं. आणि ती सांगणार होती की सरकारी माणूस म्हणाला, काही होत नाही. मी वचन पाळलं की स्वतःला वाचवलं, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि खरं तर ठरवता येतं.

मी म्हणालो, "बाळंतीण आहे, सासू गेलीय. डोक्यात ताप चढलाय तिच्या. बोलण्याकडे लक्ष देऊ नका. देवकाबाईने स्वतःच कबूल केलं, चांद्याच्या डॉक्टरांसमोर."

माणसं निःश्वास टाकून सैल झाली. कोणाला सूनबाईवर राग धरायचा नव्हताच. बायांनी तिला मायेने धरून आत नेलं. वाटी तलावात गेली. 'बुडुक' असा आवाज आला आणि एक बारीक तेलकट कडं पाण्यावर पसरत गेलं.

निघताना मी गिरजाला थर्मामीटर लावायला आत गेलो. सवयीने. तिने तो तोंडात घेतला नाही. मुलगी झोपली होती. गिरजा रागावलेली नव्हती, त्याचंच मला भय वाटलं. ती अगदी साध्या आवाजात बोलली, तलावावरून येणाऱ्या आवाजासारखी दूरची.

"मी येकदाच बोलू शकत होती, गुणवंतभाऊ. तेवढाच दम होता. तुमी मले खोटं पाडलं. आता हे मी कोनाले सांगू?"

मी थर्मामीटर झटकून डबीत ठेवला आणि सायकल काढली.